मोठ्यांचं कार्टून

दहा वर्षं मी झाडं काढली. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये लहान मुलांची कार्टून बनवणारा एक स्टुडिओ होता, तिथे मी बॅकग्राउंडला होते. ससा धावायचा तो दुसऱ्या कुणाचा, तो ज्या झाडामागून धावत यायचा ते झाड माझं. बाहेरून येणारं काम हळूहळू आटलं आणि एका सोमवारी आमच्यातल्या निम्म्या लोकांना 'उद्यापासून येऊ नका' असं सांगितलं गेलं. त्या निम्म्यांत मी होते आणि सशाचे संवाद लिहिणारी माझी मैत्रीण होती. ती विठ्ठलवाडीची, जिभेला हाड नसलेली. खाली टपरीवर चहा पिताना म्हणाली, "दहा वर्षं मी त्या सशाला 'चला, आपण सगळे मिळून करू या' म्हणायला लावलं गं. मेल्याला एकदा तरी शिवी द्यायला लावायला हवी होती."

मी तेव्हा आणि आताही ठाकुर्लीला आई-बाबांकडे राहते. चौथा मजला. आमच्या बरोबर खाली तिसऱ्यावर काकी राहतात. आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे ती एकेकाळी त्यांच्या सासऱ्यांची भातशेती. जमिनीच्या बदल्यात त्यांना दोन फ्लॅट मिळाले, आणि त्यामुळे सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून वाद झाला की त्या एकच वाक्य बोलायच्या, "हितं माजा शेत हुता." मग गाडी निमूट दुसरीकडे लागायची.

आई आणि काकी चार वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. काकी गॅलरीत बोंबील वाळत घालायच्या. वासाचं आईला काहीच नव्हतं, आम्ही कोकणातले, सुकटीचा वास आला की आईला भूक लागते. पण आईच्या कुंड्यांचं पाणी त्या बोंबलांवर टपकलं. एकदा नाही, बऱ्याचदा. काकी खालून ओरडल्या, आई वरून ओरडली, आणि संपलं.

नोकरी गेल्यावर पंधराएक दिवसांनी, दुपारी साडेतीनच्या सुमारास आमची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत दोनच माणसं. आई आणि काकी.

मेकॅनिक कल्याणहून यायचा होता. मी जिन्यात बसून राहिले आणि आईला धीर देत होते. पहिली दहा मिनिटं आतून फक्त आईचा आवाज, तोही माझ्याशी. मग काकींचा.

"वैनी, तुमाना बी घाम येतंय, का मनाच येतंय?"

मग आई म्हणाली, "मला दोन वर्षं येतोय. लिफ्ट नसली तरी येतो."

आणि आतून असं हसू फुटलं की वॉचमन धावत वर आला. त्याला वाटलं, रडतायत.

पुढचा सव्वा तास त्या दोघी बोलत होत्या. पाळी जाताना काय काय होतं. डॉक्टरकडे जायची लाज. नवऱ्याचं घोरणं. काकींचे यजमान जाऊन सहा वर्षं झालेली, तर त्या म्हणाल्या, आता घोरण्याचा आवाज नाही म्हणून झोप लागत नाही. आईने बाबांबद्दल जे जे सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. मध्येच पिशवीतून चकलीचं पाकीट फोडल्याचा आवाज आला. मी पर्समधून डायरी काढली आणि बंद दरवाजाकडे बघत दोन बायका काढायला लागले. दहा वर्षांत पहिल्यांदा माणसं काढत होते.

मेकॅनिकने दार उघडलं तेव्हा काकी त्याच्यावर वैतागल्या. "थांब ना रं जरा. गोष्ट अर्धीच हाय."

मी संध्याकाळी मैत्रिणीला ती पानं दाखवली. तिने ती दोनदा उलटून पाहिली. मग म्हणाली, "ही सिरीयल आहे. कार्टून सिरीयल. पण मोठ्यांची. एक बिल्डिंग, दोन बायका. एक बाहेरून आलेली आणि एक जिच्या शेतावर ती बिल्डिंग आहे."

आम्ही कामाला लागलो. आठवड्यातले तीन दिवस मी मुलांना चित्रकला शिकवायचे, मैत्रीण जाहिरातींच्या ओळी लिहायची, बाकी सगळा वेळ आमच्या घरी. पहिल्या भागाची कच्ची चित्रं एकामागोमाग लावून, खाली आमचेच आवाज घालून आम्ही अंधेरीतल्या एका कंपनीच्या ऑफिसात दाखवायला नेली. तिथला तरुण मुलगा अतिशय नम्र होता. त्याने पूर्ण पाहिलं आणि विचारलं, "कार्टून आहे, तर मग यात मोठी माणसं का आहेत?"

"मोठ्यांसाठी आहे म्हणून," मी म्हटलं.

"पण मराठीत मोठी माणसं कार्टून नाही बघत ना मॅडम. एक करता येईल. या दोघींच्या जागी दोन कोंबड्या घेतल्या तर?"

मैत्रिणीने लिफ्टमध्ये शिरेपर्यंत स्वतःला आवरलं. मग जी सुरू झाली ती दादर येईपर्यंत. शेवटी दोघींनाही हसू आवरेना. ठरलं, आपणच बनवायचं आणि आपणच इंटरनेटवर टाकायचं.

आवाजांचा प्रश्न होता. नाटकात काम करणाऱ्या एक बाई आल्या, फार सुंदर बोलल्या, पण इतकं स्वच्छ की आमची पात्रं एकदम भाषण करायला लागली. त्या गेल्यावर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "घामाबद्दल असं कोण बोलतं? घाम पुसता पुसता बोलतात." आणि पदराने कपाळ पुसत तिने ते वाक्य म्हणून दाखवलं.

मैत्रीण माझ्याकडे बघत राहिली. "काकू," ती म्हणाली, "परत म्हणा."

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे माझं भिंतीतलं मोठं कपाट. आतले कपडे बाहेर काढले, चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या, मध्ये माईक आणि दोन स्टुलं. आई आणि काकी गुडघ्याला गुडघा लावून आत बसायच्या आणि आम्ही दार लावून घ्यायचो. पंखा चालणार नाही, आवाज येतो. घामाचं नाटक करावं लागलंच नाही. काकी हातातला कागद लांब धरून वाचायच्या आणि मान हलवायच्या. "ह्या असा मी बोलन का? कनी लिवलंय?" मग कागद बाजूला ठेवून स्वतःच्या शब्दांत बोलायच्या. मैत्रीण आधी चिडली, दुसऱ्या दिवशी गप्प झाली, तिसऱ्या दिवशी तिने काकींचे संवाद लिहिणंच सोडून दिलं. प्रसंग सांगायची आणि दार लावायची.

आई मात्र एका वाक्याला अडून बसली. रात्री अंगाचा नुसता तवा होतो, या वाक्याला. लिफ्टमध्ये बोलणं वेगळं, म्हणाली, हे सगळं जग ऐकणार.

"कनचा जग?" काकींनी विचारलं. "तुमचे पोरीचा कार्टून कोन बगनार हाय?"

आईला ते पटलं. म्हणाली ती वाक्य.

याच दिवसांत बाबांनी घोटाळा केला. नुकतेच रिटायर झालेले, रोज सकाळी बागेत ज्येष्ठांच्या कट्ट्यावर जायचे. मी त्यांना एकदा समजावलेलं की याला अ‍ॅडल्ट अ‍ॅनिमेशन म्हणतात. त्यांना त्यातला पहिलाच शब्द लक्षात राहिला. कट्ट्यावर त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "मुलगी हल्ली अ‍ॅडल्ट फिल्म करते. घरीच करतात. आमची ही पण आहे त्यात. आणि खालच्या वहिनी."

संध्याकाळी त्यांचे एक जुने मित्र घरी आले. पाणी प्यायले, चहा नको म्हणाले, आणि बाबांना गॅलरीत नेऊन हळू आवाजात म्हणाले, "काही अडचण असेल तर मोकळेपणाने सांग रे. आपण मार्ग काढू." बाबांना काहीच कळेना. शेवटी मी त्या काकांना कपाटात बसवून कच्चा भाग दाखवला. ते हसले की सुटकेचा श्वास सोडला ते कळलं नाही, पण जाताना दोन कप चहा पिऊन गेले.

सात महिन्यांनी अकरा मिनिटांचा पहिला भाग तयार झाला. आम्ही तो टाकला आणि समोर बसून राहिलो. पहिली प्रतिक्रिया माझ्या मामाची: "छान. मुलांना आवडेल." त्याने पाहिला नव्हता हे उघड होतं. मग एकाने लिहिलं, मुलं सोबत होती, टीव्ही बंद करायला उठताना पाय मुरगळला. एका गृहस्थांनी लिहिलं की असले विषय चव्हाट्यावर आणणं शोभत नाही आणि चित्रंही बेताचीच आहेत. मला दुसरं जास्त लागलं. आणि मग संध्याकाळी एका बाईंचं आलं: "सासूबाईंबरोबर पाहिलं. दोघी हसलो. एकमेकींकडे बघितलं नाही." ते वाचून मैत्रीण उठून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिली.

बाकी फारसं कुणी पाहिलं नाही. दोन आठवडे गेले. आम्ही एकमेकींना धीर देत होतो, म्हणजे दोघींचाही धीर सुटत चाललेला.

तेव्हा काकींच्या पुतण्याचं लग्न निघालं. त्यांच्या गावी हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा कार्यक्रम असतो. आम्ही सगळे गेलो. मोकळ्या जागेत भला मोठा मांडव, डीजे, आणि स्टेजच्या मागे भिंतीएवढा एलईडी पडदा, ज्यावर नवऱ्यामुलाचे फोटो फिरत होते. ऊन नुकतंच उतरलेलं, नाच सुरू व्हायला अवकाश होता. काकी उठल्या, डीजेवाल्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "माजा कार्टून लाव."

मला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. काकींना नाही म्हणायची त्या गावात कुणाची टाप नव्हती. नवऱ्यामुलाचा फोटो गेला आणि माझी लिफ्ट आली. भिंतीएवढी. मी टेबलावर हाताएवढी काढलेली.

पहिल्याच वाक्याला मांडवात गलका झाला. "आरं, ह्या तं काकी!" मग पार्किंगचा प्रसंग आला, पडद्यावरची बाई म्हणाली, हितं माजा शेत हुता, आणि सगळी पुरुषमंडळी, ज्यांची शेतंही अशीच बिल्डिंगांखाली गेलेली, एकदम शांत झाली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने नुसती मान हलवली. कोणी हसलं नाही. तो विनोद म्हणून लिहिलेला होता. मला त्या क्षणी कळलं की आम्ही काय लिहिलंय.

आणि मग आईचं वाक्य आलं. कपाटात गोधड्यांच्या आड, जवळजवळ कुजबुजत म्हटलेलं. पण इथे ते डीजेच्या स्पीकरमधून बाहेर पडलं आणि गावाच्या पलीकडे खाडीपर्यंत गेलं असेल:

"रात्री अंगाचा नुसता तवा होतो."

आईने पदर तोंडावर घेतला.

मांडवाच्या मागच्या बाजूने, जिथे बायका बसल्या होत्या, एक आवाज आला. "माजा बी व्हतंय!"

मग दुसरा. मग किती ते मोजता आलं नाही. बायका एकमेकींना ढोसत होत्या, टाळ्या देत होत्या, हसून हसून खुर्च्यांवरून खाली सरकत होत्या. एक आजी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आमाना तवा नव्हता गो, भट्टी हुती!" पुरुष मागे वळून वळून बघत होते, त्यांना नक्की काय चाललंय ते कळत नव्हतं. डीजेवाला पोरगा गोंधळून आवाज कमी करायला गेला, तर बायकांनी त्याला ओरडून परत वाढवायला लावला. भाग संपला तो आम्हाला ऐकूच आला नाही.

त्यानंतर आईभोवती जी गर्दी झाली ती नवऱ्यामुलाभोवतीही नव्हती. प्रत्येकीला काहीतरी सांगायचं होतं. आई पदर केव्हाच खाली सोडून बसलेली, हातवारे करत बोलत होती, गालाला कुणीतरी हळद लावलेली. मैत्रीण तिच्या शेजारी जमिनीवर बसून भराभर लिहून घेत होती. त्या संध्याकाळच्या कागदांतून पुढचे पाच भाग निघाले.

कुणीतरी त्या मांडवाचा व्हिडिओ काढला होता. तो आमच्या भागाच्या आधी सगळीकडे फिरला आणि मग लोक भाग शोधत आले. अंधेरीच्या त्या नम्र मुलाचा फोन आला. कोंबड्यांचा विषय त्याने काढला नाही. आम्ही त्याच्याकडे गेलो नाही, दुसऱ्या एका छोट्या कंपनीने सहा भागांचं काम दिलं. आता आमच्याबरोबर चार मुलं काम करतात आणि रेकॉर्डिंगला खरी खोली आहे, एसीसकट. आईला ती आवडत नाही. म्हणते, तिथे घाम येत नाही, वाक्य खोटं वाटतं.

तिचा चेहरा कुणी ओळखत नाही, तो पडद्यावर नाहीच. पण परवा कल्याणच्या बाजारात ती कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करत होती, तर शेजारची भाजीवाली हातातली मेथी ठेवून तिच्याकडे बघायला लागली. "ताई, तुम्ही जरा परत बोला," म्हणाली. आई परत बोलली. भाजीवालीने तोंडावर हात ठेवला आणि पलीकडच्या तिघींना हाका मारल्या.

आईला घरी यायला दोन तास लागले. कोथिंबीर आणायची राहून गेली.