सिस्टरची ड्यूटी सुटेपर्यंत

धुळ्याच्या आमच्या गल्लीत सगळ्यात अस्सल अहिराणी कोण बोलत असेल, तर केरळची सिस्टर. आम्ही बाकीचे शाळा-कचेऱ्यांच्या मराठीने बिघडलेलो. माझी आई तर जामनेरकडच्या पहूरची. निम्मं आयुष्य धुळ्यात काढूनही तिला इथली बोली धड जमली नाही. सिस्टर मात्र नोकरीला लागली ती थेट सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात, आणि खाटांवरचे पेशंट तिला जे शिकवत गेले तेच ती बोलत गेली. कपाळावर हात ठेवून ती ‘कोठे दुखस, माय?’ म्हणाली, की खेड्यावरून आलेल्या म्हातारीला ही बाई परमुलखातली आहे हे सांगूनही पटत नसे.

आमची गल्ली म्हणजे खिचडीच. आम्ही पाटील, समोर कोर्टात बेलीफ असलेले साळवे नाना बौद्ध, शेजारी एसटीचे ड्रायव्हर शेखभाई, आणि कोपऱ्यावरच्या खोलीत एकटी सिस्टर. दिवाळीत नाना पूजा करत नसत, पण कामट्या आणि पतंगी कागदाचा कंदील करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सिस्टरच्या दारावर कंदील नसे, कागदाची मोठी चांदणी असे. ती दिवाळीला लागायची आणि नाताळ संपल्यावरच उतरायची. नानांनी थट्टा केली की ती म्हणे, ‘‘एकच बल्बवर दोन सण व्हई जातस, नाना. आखो काय पाहिजे?’’

फटाक्यांवर मात्र तिचा भारी राग. जळलेल्या पोरांची ड्रेसिंग तिनेच केलेली असायची. दिवाळीच्या तोंडावर ती गल्लीतून अशी फिरायची, जणू झडतीच घ्यायला आली आहे. नायलॉनचा फ्रॉक दिसला की मला घरात पिटाळून सुती घालायला लावायची. तिच्या धाकाने प्रत्येक घरी रांगोळीशेजारी पाण्याची भरलेली बादली असे. बाहेरचे पाहुणे विचारत, ही तुमच्याकडची काय रीत? पोरांना ती एकच सांगायची, ‘‘मी दवाखानामा शे, पन माले भेटाले येऊ नको.’’

आणि दवाखान्यात ती असायचीच. दिवाळीची रात्रपाळी ती मागून घ्यायची. बाकीच्या नर्सना घरी मुलंबाळं, सासू, फराळाचा पसारा. ‘‘लेकुरवाळ्या बायासले घर जाऊ द्या,’’ हे तिचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे गल्ली उजळलेली असताना तिच्या दाराला कुलूप. चांदणीचं बटण दाबायला ती आमच्याकडे किल्ली ठेवून जाई, आणि आई तिच्या उंबऱ्यावर एक पणती लावून येई.

आईला एवढ्याने समाधान नव्हतं. नरकचतुर्दशीला सिस्टरला आपल्या हाताने तेल-उटणं लावून न्हाऊ घालायचं, हे तिने मनावर घेतलं होतं. ‘‘माहेर एवढं लांब, तिच्या पाठीला तेल कोण चोळणार?’’ असं ती म्हणायची. पण रात्रपाळी सुटायची आठ वाजता, आणि आंघोळ व्हायला हवी सूर्य उगवायच्या आत. या बाबतीत आई महाकडक. वडिलांना ताप असतानाही तिने अंधारात पाटावर बसवलं होतं. सिस्टर सकाळी थकून आली की आई फराळाचं ताट घेऊन जायची आणि तिला रागवायचीही, ‘‘आज उजाडल्यावर आंघोळ करणारा नरकात जातो, कळतं का तुला?’’ सिस्टर पायातल्या चपला काढत म्हणायची, ‘‘मी जासु नरकमा. तठे बी ड्यूटीले कोनी तरी लागीच ना, अक्का.’’

मग ती रिटायर होऊन कायमची गावी जायची वेळ आली. ती शेवटची दिवाळी. आईने महिनाभर आधीपासून तिच्या मागे लकडा लावला आणि सिस्टरने खरंच रजा टाकली. आईने उटणं दोनदा चाळलं, नवा पाट आणला. आदल्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यातली एक तरुण नर्स गल्लीत आली. तिचं तान्हं मूल तापाने फणफणलं होतं आणि रात्रपाळी तिची होती. सिस्टरने तिला पुरतं बोलूसुद्धा दिलं नाही. पांढरी साडी नेसून ती आमच्या दारात किल्ली द्यायला आली, तेव्हा आईने किल्ली घेतली आणि तोंड फिरवलं. मला आईचा राग आला, सिस्टरचाही आला.

पहाटे वडील बंब पेटवायला उठले, तर आई ओट्यावर बसलेली.

‘‘आज कुणी आंघोळ करायची नाही,’’ ती म्हणाली.

‘‘अगं, उजाडेल आता.’’

‘‘उजाडू दे.’’

वडील काही वेळ काडेपेटी हातात धरून उभे राहिले, मग गुपचूप जाऊन पडले. नाना दार उघडून बाहेर आले. आमच्या बंबाचा धूर नाही म्हटल्यावर त्यांना वाटलं, कुणी आजारी आहे. आईने कारण सांगितलं. नानांनी आपली खुर्ची बाहेर आणली आणि तेही बसले. शेखभाई पारोळ्याची मुक्कामी गाडी घेऊन आले होते, ते कळल्यावर घरी न जाता तिथेच टेकले. शेजारच्या दोन घरांतल्या बायका कुजबुजत आल्या, आणि एकेकीने आपलीही चूल थांबवली.

सूर्य चांगला कासराभर वर आला, तेव्हा सिस्टर गल्लीच्या तोंडाशी दिसली. एवढी माणसं ओट्यांवर बघून ती घाबरलीच. ‘‘काय व्हयनं? कोनले काय व्हयनं?’’

‘‘काही नाही झालं. पाटावर बस.’’

‘‘तुमनी आंघोळ?’’

‘‘नाही केली. कुणीच नाही केली.’’

सिस्टरने वर सूर्याकडे पाहिलं, मग आमच्या तेलकट, पारोशा तोंडांकडे. ‘‘अरे देवा,’’ ती हसत म्हणाली, ‘‘आते तर मना वार्ड भरी जाई.’’ आईने तिला मोरीत नेऊन पाटावर बसवलं. पाठीला तेलाचा हात लागला तशी ती रडायला लागली. आई म्हणाली, तेल डोळ्यांत गेलं असेल. नानांच्या मुलीने दाराबाहेर फुलझडी पेटवली. उन्हात ती नीट दिसतही नव्हती. बादली अर्थात जवळच होती.

उन्हाळ्यात ती गेली. चांदणी आईला देऊन गेली, आणि चाळीसगावच्या गाडीत बसवायला सगळी गल्ली स्टेशनवर आली होती. पुन्हा तिची भेट झाली नाही.

मी लग्न होऊन जळगावला आले. माहेरी तेव्हापासून पडलेल्या रीतीप्रमाणे पहिल्या दिवाळीत मी उजाडेपर्यंत न्हायले नाही म्हणून केळीबागाईतदारांच्या घरातल्या माझ्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता. मी सगळं सांगितलं. त्या ऐकून घेऊन उठून गेल्या. पुढच्या वर्षी अंधारात माझ्या नवऱ्याने गिझरचं बटण दाबलं, तेव्हा आतून त्यांचाच आवाज आला, ‘‘थांब रे जरा. आठ वाजले का? तिची ती सिस्टर तर सुटू दे आधी.’’