माझं बोट आणि तीन ॲप

गेल्या पंधरवड्यात करडीला, आमच्या घरच्या ओसरीत, तीन ॲपची परीक्षा झाली. परीक्षा घेणारी मी... दुसरी पास! हसा, हसा.

झालं असं की माझी नात प्राची नागपूरला कंप्युटरची नोकरी करते. सुट्टीवर आली आणि म्हणाली, आजी, जुन्या धानाच्या बियाण्यांवर लिहिणाऱ्या लोकांचा एक न्यूजग्रुप आहे, मराठीतला. मला वाटलं बातम्या असतील. तसं नाही हो. एकानं काही विचारलं की त्याच्याच खाली बाकीचे उत्तर लिहितात, आणि ते तिथंच राहतं. गुड मॉर्निंगची फुलं नाहीत, देवाचे फोटो नाहीत... मला तर तिथंच आवडला तो ग्रुप.

पण तो वाचायला वेगळं ॲप लागतं म्हणे, आणि अशी ॲप पुष्कळ. प्राचीनं तीन उतरवून दिली. "तुले जे जमल ते ठेव."

पहिल्याची अक्षरं मोहरीएवढी, बटणं सगळी इंग्रजीत. ते नापास. तिसरं अगदी रुक्ष, पांढऱ्यावर काळं, ग्रामपंचायतीच्या नोटीसबोर्डासारखं. दुसरं मात्र काय सुंदर! मोरपंखी रंग, मोठी अक्षरं, आणि बोट लावलं की पान कसं सुळ्ळकन सरकायचं. भंडाऱ्याच्या बाजारात लुगडं घ्यायला गेले की मी आधी काठ बघते, पोत मागाहून. इथंही तसंच केलं... मोरपंखी ठेवलं.

आता मला तिथं काय पाहिजे होतं ते सांगते. माझ्या माहेरी काळी कमोद पिकायची. वरून काळी, आत बारीक तांदूळ, आणि शिजली की वास पार रस्त्यापर्यंत. आई गेली, भावांनी जास्त पिकणारं बियाणं धरलं, आणि कमोद संपली. मी किती गावांत विचारलं! नाहीच मिळाली. म्हणून प्राचीकडून ग्रुपवर लिहून घेतलं, कुणाकडे काळी कमोद आहे का? परे टाकायचे, म्हणजे धानाची रोपं करायला बी पेरायचे, दिवस जवळ आले होते. आत्ता मिळालं तर ठीक, नाही तर हे वर्ष गेलंच.

रोज ॲप उघडायची. लोकांचं काही ना काही दिसायचं. कुणी खताबद्दल लिहायचं, कुणी उंदरांबद्दल. मी वाचायला घ्यायची आणि अर्ध्यातच ते गायब! वाटलं, लिहिणाऱ्यानंच पुसलं असेल. माझ्या प्रश्नाला मात्र काहीच नाही.

प्राचीचे आजोबा खाटेवरून म्हणायचे, "अवं, लोकायले शेतीची कामं आहेत. तुले कोण उत्तर देऊन राहिला?"

"तुमाले काय करायचं आहे जी? तुमी आपला चहा प्या!" म्हणायला म्हटलं... पण मन खट्टू झालं. वाटलं, एवढ्या शिकलेल्या लोकांत आपल्याला कोण विचारतो.

मग रविवारी प्राची पुन्हा आली. मी वाचत बसले होते आणि ती मागे उभी राहून बघत होती.

"आजी, बोट काहून फिरवून राहिली?"

"वाचून राहिलो ना बाई."

आमच्या गुरुजींनी ओळीखाली बोट ठेवून वाचायला शिकवलं होतं. शाळा सुटली, बोट काही सुटलं नाही. बोट नसलं तर माझ्या ओळी एकमेकींत शिरतात.

प्राची पोट धरून हसायला लागली. "अवं आजी, तू वाचून नाही राहिली, झाडू मारून राहिली!" त्या मोरपंखी ॲपमध्ये डावीकडून उजवीकडे बोट नेलं की त्याला वाटतं, यांचं वाचून झालं... आणि ते लिहिणं बाजूला टाकून देतं. मी वाचायला बोट फिरवायची, ते उचलून न्यायचं! माझा स्वतःचा प्रश्नही मी असाच बोट फिरवून वाचला होता, म्हणून तो खालच्या उत्तरांसकट गेला होता.

तिनं लगेच नोटीसबोर्डवालं उघडलं. त्यात बोट कसंही फिरवा, ते ढिम्म. आणि सगळं जिथल्या तिथं! माझ्या प्रश्नाखाली लाखनीकडच्या एका बाईंचं लिहिणं, एकाखाली एक.

"ताई, कमोद आहे. थोडीच आहे. पाहिजे काय?"

"ताई, पाहिजे की नाही ते तरी सांगा."

"उद्यापर्यंत वाट पाहते. मग दुसऱ्याले देऊन टाकते."

ते 'उद्या' म्हणजे आजच! मी फोन पुढ्यात ओढला. प्राची म्हणाली, दे, मी लिहिते. म्हटलं, नाही, मीच लिहिणार. एकेक अक्षर शोधून लिहिलं, "पाहिजे बाई कोनाले देउ नका". चुकलं असेल, पण पोचलं. तिकडून आलं, "ठेवली तुमच्यासाठी."

परवा भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर भेटलो आम्ही. माझ्याच वयाच्या निघाल्या, आणि माझ्याहून बडबड्या! फडक्यात बांधलेलं बियाणं हातात देत म्हणाल्या, "पिकली की त्यातली थोडी मलेही ठेवजा. माझी गेली त एखाद्या वर्षी तुमच्याकडूनच आणीन."

म्हणजे त्यांनाही धाकधूक होतीच की. एकाच घरात बियाणं असलं, एक पाऊस फसला की संपलं. आता काळी कमोद दोन घरांत आहे.

ग्रुपवर लिहिणाऱ्या सगळ्यांना या आजीचा नमस्कार. लिहीत राहा रे बाबांनो... हळूहळू का होईना, मी वाचते आहे.