जुन्या बोगद्यापलीकडची दोन घरं

माझं माहेर अर्जुनी मोरगावकडचं. तिकडे सगळं सपाट. धानाच्या बांध्या आणि तलाव. डोंगर मी लांबून निळे पाहिलेले. त्यामुळे लग्न होऊन आमगावला आल्यावर मामाजी, म्हणजे माझे सासरे, "आमचं लहानपन पहाडात गेलं" असं म्हणायचे तेव्हा मला ते काही पटायचं नाही. स्वच्छ धोतर नेसणारा, रोज बाजाराच्या दिशेनं छत्री घेऊन निघणारा हा माणूस जंगलात वाढला असेल असं वाटत नसे.

पण ते खरं होतं. दरेकसाच्या डोंगरात रेल्वेचा बोगदा खोदणं चाललं होतं तेव्हा त्यांचे वडील बैलगाड्या घेऊन तिकडे गेले होते, फोडलेला दगड वाहायला. बोगदा झाला, गाड्या धावायला लागल्या, बाकीचे मजूर आपापल्या गावी परतले. हे कुटुंब मात्र डोंगरापलीकडे थोडं जंगल साफ करून, शेत करून तिथंच राहिलं. मामाजींना मिसरूड फुटायच्या सुमारास सगळे आमगावला उतरले. पुढे केव्हातरी रेल्वेनं दुसरा बोगदा केला आणि जुना सोडून दिला.

हे मला सांगितलं आत्याबाईंनी. मामाजींची ही थोरली बहीण, दवनीवाड्याला दिलेली. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत एकदा होळी झाल्यावर त्या माहेरपणाला आल्या, तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. संध्याकाळी ओसरीवर बसल्या की त्या भावाच्या लहानपणच्या गोष्टी सांगत. भाऊ कसा बकरीच्या मागं हरवला, भावानं बिब्बा तोंडात घालून ओठ कसे सुजवले. सगळ्यांत आवडती गोष्ट विहिरीची. भाऊ विहिरीत पडला आणि आत्याबाईंनी पायऱ्या उतरून त्याला केसांना धरून वर ओढलं. गोष्ट संपली की मामाजी कपाळावरची जुनी खूण दाखवत आणि म्हणत, "हे पाहा, तवाचीच हाय."

एका संध्याकाळी आत्याबाई म्हणाल्या, "भाऊ, मले एकदा ते घर दाखवून आन."

"तठी आता काय राह्यलं बाई? मातीचा ढिगारा कायले पाहाचा?"

"मातीच पाहाची हाय."

बहिणीपुढे मामाजींचं फार चालत नसे. आमच्या ह्यांना धान गिरणीवर न्यायचं होतं, म्हणून आत्याबाईंचा हात धरायला मला पाठवलं. मी तांदळाच्या भाकरी आणि लसणाची चटणी फडक्यात बांधली, मामाजींनी कंदील घेतला, आणि सकाळच्या गाडीनं आम्ही दरेकसाला उतरलो.

आम्ही कुठं निघालो ते ऐकून स्टेशनावर काम करणाऱ्या रेल्वेच्या खलाशानं मामाजींना बजावलं, "अंदर मत जाओ दाऊ, मोहा गिर रहा है, भालू आता है." मामाजी नुसते हसले. नव्या रुळांच्या कडेकडेनं थोडं चाललो, मग ते डावीकडे झुडपात शिरले. झुडपांमागे जुन्या बोगद्याचं तोंड होतं. दगडी कमान अजून नीट उभी होती. रूळ काढून नेलेले, खाली नुसती गिट्टी आणि लाकडी स्लीपरांच्या खुणा. आतून गार हवा येत होती आणि वटवाघळांचा वास.

"याच्यातूनच जावं लागते?" मी विचारलं.

"पहाड चढून जाता येते," मामाजी म्हणाले, "पन बाईचे गुडघे चढू देनार नाईत."

आत शिरल्यावर थोडा वेळ मागचा उजेड सोबत होता. बोगदा मध्येच वळत होता. वळण आलं तसा तो उजेड गेला आणि पुढचा अजून दिसेना. कंदिलाच्या उजेडात मामाजींचे पाय आणि थोडी गिट्टी, एवढंच दिसत होतं. वर कुठंतरी पाणी ठिबकत होतं. आत्याबाईंनी माझा खांदा घट्ट धरला होता. एका जागी छतातून दगड ढासळून वाट अडली होती. तो ढीग वळसा घालून ओलांडताना आत्याबाईंना धाप लागली, म्हणून भिंतीतल्या एका कोनाड्यात आम्ही टेकलो. पूर्वी गाडी आली की मजूर त्यात उभे राहत, असं मामाजी म्हणाले.

उठलो, आणि मामाजी एका बाजूला निघाले, आत्याबाई दुसऱ्या.

"बाई, इकडून तर आपन आलो."

"नाई, तूच उलटा जाऊन राहिला."

दोघं अंधारात उभे राहून वाद घालायला लागले. मग दोघांनी मला विचारलं. कोनाड्यात बसताना मी कुठल्या बाजूला वळले होते तेच आठवेना. मामाजी म्हणाले, दगडांचा ढीग आपण ओलांडला, तो मागं राहिला पाहिजे. पण कंदील फिरवून पाहिलं तर दोन्हीकडे थोडे थोडे दगड पडलेले, त्यापुढे अंधार. शेवटी मामाजींच्या बाजूनं गेलो. वळण आलं, उजेड आला. बाहेर पडल्यावर क्षणभर मला वाटलं, आपण निघालो तिथंच परत आलो. तीच कमान, तशीच झुडपं. पण इथं नवे रूळ कुठं दिसत नव्हते. पुढे एक पायवाट खाली उतरत होती आणि पळस लालभडक फुलला होता. मामाजींचं बरोबर होतं.

खाली ओसाड वस्ती होती. घरं अशी नव्हतीच. दूर दूर विखुरलेली जोती, पावसानं खचलेल्या भिंती, कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, तुकडे. आत्याबाई माझा हात सोडून जवळजवळ पळाल्याच. एका जोत्यापाशी थांबल्या. मागं दगडी बांधकामाची विहीर होती, आत उतरायला पायऱ्या होत्या, तळाशी पाला आणि हिरवं पाणी.

"हेच, हेच! पोरी, हे पाहा, अठी चूल होती, तठी माय दळाची. याच पायऱ्या उतरली मी."

मी विहिरीत वाकून पाहिलं. ऐकलेली गोष्ट अशी समोर दगडात दिसल्यावर मला भरून आलं. वळून मामाजींकडे पाहिलं तर ते लांबच उभे होते.

"हे आपलं घर नव्हं," ते म्हणाले.

"कसं काय नव्हं?"

"आपलं घर नाल्याच्या तिकडं. मी काय लहान होतो का सोडलं तवा? माह्या हातानं दाराले साखळ लावली मी."

ते तरातरा नाला ओलांडून गेले आणि पलीकडून हाक मारली. आम्ही गेलो. तिथं दुसरं जोतं होतं, जरा मोठं, पुढे काळ्या दगडाची एक लांब पायरी. मामाजी पायरीवर बसले होते. त्यांचा चेहरा एकदम निवळला होता. आता आत्याबाई भांडतील असं मला वाटलं. पण त्या पायरीकडे पाहत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "हो रे. याच पायरीवरून माह्यी पाठवनी झाली."

"मंग? ते कोनाचं घर?"

"तेबी आपलंच."

"दोन्ही घरं आपली कशी राहतीन बाई? मी जन्मलो तवापासून याच घरात हाओ. अठी विहीर नव्हती. माय नाल्यावरून पानी आने."

आत्याबाई एकदा या जोत्याकडे पाहत, एकदा नाल्यापलीकडे. जवळच एक म्हातारी बाई मोहफुलं वेचत होती, आमचा आवाज ऐकून टोपली घेऊन आली. ती छत्तीसगढी बोलत होती. मामाजींनी विचारलं, ही घरं कुणाची होती, माहीत आहे का? ती म्हणाली, "दूनों घर गाडीवाला के रहिस." दोन्ही घरं त्या बैलगाडीवाल्याचीच, पहिलं सोडून त्यानं हे बांधलं, असं तिचा बाप सांगायचा. का सोडलं, ते तिला ठाऊक नव्हतं. ती पुन्हा आपल्या झाडाखाली गेली.

मामाजी उठले. "बाई, घर बदललं तर मले काऊन मालूम नाई? अन् मी पडलो कोन्त्या विहिरीत?"

आत्याबाई पायरीवर बसल्या. पदरानं तोंड पुसलं. मग थांबत थांबत बोलायला लागल्या, आणि त्या जे सांगत होत्या ते जणू त्याही पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"तुले ताप आला होता. त्या घरी. लय ताप. मंग मले मामाच्या गावी पाठवलं. बहू दिवस ठेवलं मले तठी. परत आली तं आपन या घरी राहाले आलतो. अन् तू नव्हता. मी मायले विचारलं, भाऊ कुठं हाय? माय म्हने, गेला, पन येईन परत."

"मंग?"

"मंग तू आला ना."

"आलो म्हंजे? कोठून?"

"मायच्या मांडीवर होता. तान्हा."

मी भाकरीचं फडकं हातात घेऊन तशीच उभी होते.

"माय म्हने, पाहा, आला का नाई परत? तोच हाय. नावबी तेच ठेवलं. मी लहान होती, भाऊ. माय खोटं कशी बोलंन? मी मानलं, तूच आला. मंग सासरी गेली, लेकरं झाली, तुह्या गोष्टी सांगत गेली. मले कधी दोन वाटलेच नाईत."

"पन बिब्बा? बकरी?"

"मालूम नाई."

"विहिरीत कोन पडला?"

"तो. तोच असंन. तू जन्माच्या आधी ते घर सुटलं."

मामाजींचा हात आपोआप कपाळाकडे गेला. "मंग हे कायचं?"

आत्याबाईंनी उठून त्या खुणेवर बोट ठेवलं, आंधळ्या माणसानं चाचपावं तसं. "मले काय मालूम रे," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मामाजींनी त्यांना उगी केलं नाही. ते आपल्या जोत्यावर फेऱ्या घालत राहिले, साखळ लावली ते दार कुठं होतं ते शोधत असावेत.

मला काहीच समजत नव्हतं. समजत होतं, पण पटत नव्हतं. अख्खा जन्म दोन भावांना एक मानून माणूस कसा काढू शकतो? आत्याबाईंना कधी शंका आली नसेल? की आली होती आणि त्यांनी ती आईसाठी दाबून टाकली? आणि मामाजींनी काय गमावलं म्हणायचं? जो भाऊ त्यांना माहीतच नव्हता तो की आपलंच लहानपण? मी तेव्हा विशीतली होते, कुणाला विचारावं तेही कळेना. मी भाकरी सोडल्या. कुणी खाल्ल्या नाहीत, शेवटी त्या म्हातारीला नेऊन दिल्या.

परतताना आत्याबाई बोगद्यात पाय ठेवायला तयार होईनात. गुडघे दुखत होते तरी म्हणाल्या, पहाड चढून जाऊ. म्हातारीनं वाट दाखवली. मामाजी पुढे, मध्ये मी, मागं माझा हात धरून त्या. वर पोचल्यावर खाली एका बाजूला दोन्ही जोती दिसत होती आणि दुसऱ्या बाजूनं मालगाडीचा धूर. मामाजी थांबून बराच वेळ पाहत होते. कोणत्या घराकडे, ते मला मागून दिसलं नाही.

घरी आल्यावर वेगळंच सुरू झालं. पूर्वी आत्याबाई गोष्ट सांगायला लागल्या की मामाजी "पुरे आता" म्हणायचे. आता तेच संध्याकाळी त्यांच्यापाशी येऊन बसत. "बाई, मी कुत्र्याचं पिल्लू घरात लपवलं होतं म्हने. तो मी का तो?" आत्याबाई आठवायचा प्रयत्न करत. कधी म्हणत, "तूच. पिल्लू नाल्यावर सापडलं होतं." कधी सुरुवात करून मध्येच थांबत आणि आत निघून जात. माझ्या सासूबाईंना हे आवडत नसे. "जित्या मानसानं असं इचारू नये," असं त्या मला चुलीपाशी म्हणायच्या, "कोनाच्या तोंडून भलतं निंघन."

अक्षय तृतीया आली. त्या दिवशी आमच्याकडे पितरांच्या नावानं नवी मडकी पाण्यानं भरून ठेवतात, पळसाच्या पत्रावळीवर वाढतात. मामाजींनी आई-वडिलांच्या मडक्यांशेजारी आणखी एक लहान मडकं मांडायला सांगितलं. मी धुऊन, भरून, वर आंबा ठेवून मांडलं. पाणी सोडताना नाव घ्यावं लागतं. आई-वडिलांची नावं घेतली आणि मामाजी थांबले.

सासूबाई घाबरून पुढे झाल्या. "थांबा जी! त्याचं नाव म्हंजे तुमचंच नाव. आपल्या नावानं आपनच पानी सोडता का?"

मामाजींच्या ओंजळीतलं पाणी हळूहळू गळत होतं. त्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेवटी मामाजी म्हणाले, "बाईचा भाऊ," आणि पाणी सोडलं.

मग आत्याबाई म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, खरंच कळत नसल्यासारख्या, "अन् तू मंग कोन होस?"

मामाजींनी हात पुसले. "जेवाले वाढ, सूनबाई," एवढंच म्हणाले. मी दोघांची पानं समोरासमोर मांडली, आणि मामाजींनी पहिला घास घेईपर्यंत आत्याबाईंनी आपल्या पानाला हात लावला नाही.