भाव न करणारं गिऱ्हाईक

माझ्या नोकरीतली बहुतेक प्रकरणे निवृत्तीच्या दिवशी ठाण्यातच राहिली. एक मात्र अजून सोबत आहे. त्याची सुरुवात ठाण्यात न होता माझ्या घरात झाली, म्हणूनही असेल.

दोन हजार साल उलटून दोन-चार वर्षे झाली होती. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या सीमेवर, धानपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. गावाचे आणि माणसांचे नाव सांगत नाही. त्यांतले काही जण अजून तिथेच राहतात. माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी ऐन मे महिन्यात येणार होती. कूलरची दमट हवा तान्ह्या बाळाला नको, असे पत्नीचे म्हणणे पडले आणि भाड्याच्या घरातल्या मागच्या खोलीत एसी बसवायचे ठरले. त्या काळी आमच्या गावात एसी बँकेत होता आणि एका राईस मिलवाल्याकडे. पत्नीने चंद्रपूरहून तिघांना बोलावले आणि कोटेशन मागितले.

पहिला मोठ्या शोरूमचा मालक. त्याने दीड टनाचे मशीन सांगितले. दुसरा नागपूरच्या कंपनीचा चंद्रपुरातला माणूस, तो दोन टनांवर अडून बसला. तिसरा चंद्रपुरातला जुना कारागीर, स्वतःचे दुकान असलेला. सगळे त्याला भाई म्हणत. त्याने एकच टन सांगितला, पण त्याचा आकडा तिघांत सर्वांत जास्त होता. वर त्याची जीभ तिखट. गिऱ्हाइकाला तोंडावर बोलायला तो कचरत नसे.

पत्नीने त्याला चहा दिला आणि सरळ विचारले, "भाई, मशीन सगळ्यांत लहान आन् भाव सगळ्यांत मोठा, असं काऊन?"

"भाभी, त्यायनं मशीनचा भाव देल्ला, मी खोलीचा देल्ला. तुमची वायर जुनी आहे, भिंत पश्चिमेची आहे. उद्या जळलं तं तुम्हीच मले शिव्या द्याल."

"पण एवढा भाव या गावात देते कोण?"

"देते ना! होळीच्या आधीच एक मशीन बसवून गेलो, दवाखान्याच्या मागच्या लाईनीत. मी आकडा सांगतला, त्यानं लगेच हो म्हटलं. कमी करा म्हणून एक शब्द नाई. मीच घाबरलो, चुकून कमी सांगतलं का काय म्हणून."

पत्नी हसली. मी ठाण्यात जायच्या घाईत बूट घालत होतो, तो थांबलो. वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी एवढे पाहिले होते की पगारावर जगणारा माणूस भाजीच्या जुडीचाही भाव करतो. भाव न करणारा माणूस एक तर फार श्रीमंत असतो, नाही तर त्याला ते काम कसेही करून, गाजावाजा न होता हवे असते.

"खोली कुणाची?" मी विचारले.

"आईची म्हणे. पण साहेब, तिथी खिडकी नाई, खाट नाई. भिंतीले लोखंडी रॅक ठोकल्या होत्या. लाईट गेली तरी मशीन चाललं पाहिजे म्हणून जनरेटरबी मागून राह्यला होता."

"करतो काय तो?"

"दवाखान्यात स्टोअर सांभाळते." एवढे बोलल्यावर भाईचा चेहरा उतरला. आपण कुणापुढे बोलतो आहोत हे त्याच्या ध्यानात आले असावे. "साहेब, मी बिल नाई बनवलं. त्यानंच नको म्हटलं."

"ते नंतर पाहू," मी म्हणालो.

ठाण्यात गेलो, हजेरी झाली, आणि टेबलावरचे कागद ओढले. त्यात एक मर्ग होता. आमच्या भागात अकस्मात मृत्यूच्या चौकशीला मर्ग म्हणतात. पहाटे मोहफुले वेचायला गेलेल्या एका बाईला साप चावला होता. नवऱ्याचा जबाब हवालदाराने त्याच्याच शब्दांत लिहून घेतला होता : दवाखान्यात नेली, तिथी लस नाई म्हणे, चांद्याले न्या म्हणे, रस्त्यातच गेली. चांदा म्हणजे चंद्रपूर. त्याच सरकारी दवाखान्यातून 'लस नाही' म्हणून पुढे पाठवलेली आणि वाटेत दगावलेली माणसे मागच्या पावसाळ्यातही होती. मी ते मर्ग सह्या करून वर पाठवले होते. साप चावला, माणूस मेला. संशयाला जागा नव्हती.

मी शोरूमच्या मालकाला फोन लावला. तोही त्या स्टोअरवाल्याच्या घरी भाव द्यायला जाऊन आला होता. "साहेब, माझा भाव बराच कमी होता. पण गॅरंटीसाठी नाव-पत्ता लिहावा लागतो, आमचा मिस्त्री मधून मधून पाहायला येतो, असं सांगितलं, तर तो नकोच म्हणाला." म्हणजे दोन भाव समोर असताना या माणसाने महागडा निवडला होता, आणि तोही घरात परका माणूस पुन्हा येऊ नये म्हणून.

दुपारी मी डॉक्टरांना भेटलो. एकट्याच्या अंगावर सगळा दवाखाना घेतलेला सरळ माणूस. ते म्हणाले, "लस येते आणि संपते. कागद मी पाहिलेत, सगळे बरोबर आहेत. त्या बाईच्या वेळी मी स्वतः स्टोअर सांभाळणाऱ्या भांडारपालाला विचारलं. शिल्लक नाही म्हणाला." मग आपणहून पुढे म्हणाले, "एक सांगतो. ही औषधं आपल्याकडच्या उन्हात साध्या खोलीत टिकत नाहीत. थंड जागाच लागते."

मी पोलीस अधीक्षकांना कळवले. चंद्रपूरहून औषध निरीक्षकांना बोलावून घेतले, दोन पंच तयार ठेवले आणि मगच भांडारपालाला ठाण्यात आणले. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणे अदबीचे. मी औषधांचा विषय काढलाच नाही.

"एसी बसवलात म्हणे. आम्हालाही बसवायचा आहे. किती जणांकडून कोटेशन घेतलं?"

"एकाकडूनच, साहेब."

पहिले खोटे इथे सापडले. मी ते तसेच ठेवले.

"भाव किती पाडला?"

"आईसाठी घेतला, साहेब. तिले दमा आहे. आईच्या कामात काय घासाघीस करावं?"

खरे सांगायचे तर हे उत्तर ऐकून मी क्षणभर डगमगलो. ते इतक्या सहज आले होते की समोरचा माणूस खरा वाटावा. सराईत गुन्हेगार जास्त बोलून सापडतो. हा मोजके बोलणारा होता.

"चला," मी म्हणालो, "आईंना भेटून येऊ."

त्याचा हात कंबरेच्या किल्लीकडे गेला.

भर उन्हात आम्ही त्याच्या घरी पोचलो. अंगणात कडुनिंबाखाली खाट टाकलेली होती आणि तिच्यावर एक म्हातारी बाई डोक्याला ओला पंचा गुंडाळून बसली होती. धाप लागलेली. दमा खरा होता. मी खाटेजवळ गेलो.

"बाई, एसीची हवा मानवते का?"

"कायची हवा, भाऊ?"

"त्या खोलीतली. तुमच्यासाठी मशीन बसवलं ना मुलानं?"

"थ्या खोलीत औषीद हाय म्हनते. मले जाऊ नाई देत. दार उघडलं का गार निंगून जाते म्हनते."

"आई, तू गप्प राह्य," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, फक्त सुकलेला होता. मग त्याने कुणी न सांगता कंबरेची किल्ली सोडली आणि माझ्या हातात दिली.

दार उघडताच थंड हवेचा झोत अंगावर आला. रॅकवर खोकी लावलेली होती. सापाची लस आणि इतर इंजेक्शने. प्रत्येक खोक्यावर सरकारी पुरवठ्याचा शिक्का, विक्रीस मनाई असल्याचा. खासगी दवाखान्यांना तो हा माल एका दलालामार्फत विकत होता आणि कागदावर तो रुग्णांच्या नावे खर्ची टाकत होता. औषध निरीक्षकांनी खोक्यांवरचे क्रमांक तपासले. लसीचा तो साठा मोहफुलांच्या हंगामाआधीच दवाखान्यात आलेला होता.

पंचनामा बराच वेळ चालला. मध्येच पाहतो तर म्हातारी खाटेवरून उठून त्या खोलीच्या उंबरठ्यावर येऊन बसली होती. भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून. "किती गार हाय व माय," असे स्वतःशीच म्हणाली. तिला ओलांडून आत-बाहेर करावे लागत होते, पण पंचांपैकी किंवा शिपायांपैकी कुणी तिला सरकायला सांगितले नाही. मुलगा अंगणात उन्हात उभा होता.

भादंवि कलम ४०९ खाली, म्हणजे सरकारी नोकराने केलेल्या अपहाराचा, गुन्हा दाखल झाला, यथावकाश शिक्षाही झाली. दलाल पुराव्याअभावी सुटला. बिलाच्या भीतीने भाई आधी साक्षीला तयार नव्हता. पण पिंजऱ्यात उभा राहिल्यावर त्याने आरोपीच्या वकिलालाच झापले आणि न्यायाधीशांना त्याला आवरावे लागले. भाई आणि शोरूमवाला दोघेही साक्षीदार झाल्याने त्यांच्याकडून घरचे काम घेणे मला योग्य वाटेना. आम्ही दोन टनवाल्याचे मशीन घेतले. पत्नीने त्याबद्दल बरेच दिवस मला ऐकवले.

पण मला सांगायचे आहे ते यानंतरचे.

पुरवणी जबाबासाठी मी त्या मेलेल्या बाईच्या नवऱ्याला ठाण्यात बोलावले. थोड्या धानाच्या शेतीवर आणि जंगलावर जगणारा माणूस. खुर्ची दिली तरी बसला नाही. काय सापडले ते मी त्याला सांगितले. तो भडकेल, रडेल, असे मला वाटले होते.

त्याने विचारले, "म्हंजे थ्या दिवशी लस गावातच होती?"

"होती."

मग म्हणाला, "मंग मले उशीर नोता झाला, साहेब?"

मला आधी कळलेच नाही. मग त्याने सांगितले. तिला सायकलवर बसवून, तिची कंबर स्वतःच्या कंबरेला धोतराने बांधून त्याने दवाखान्यात आणले होते. तरी सारे गाव म्हणत होते की त्याने उशीर केला. तिच्या भावांनी तर तेराव्याला सगळ्यांसमोर तसे सुनावले आणि त्याच्या घरी येणे बंद केले. तोही तेच धरून बसला होता.

"तू वेळेत आणली होतीस," मी म्हणालो.

"हे तिच्या भावायले सांगान का? माहं नाई ऐकत थे."

जबाबात याचा काही उपयोग नव्हता. तपासाशी संबंध नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी मी त्याला जीपमध्ये बसवून तिच्या माहेरी गेलो.

तपास म्हणजे आरोपी पकडणे आणि आरोपपत्र टिकवणे, अशी तोपर्यंत माझी समजूत होती. एखाद्या मृत्यूचा दोष गाव कुणाच्या तरी माथी परस्पर टाकून मोकळे होते आणि तो माणूस ठाण्यात न येता शिक्षा भोगत राहतो, हे मला त्या प्रकरणाने दाखवले. त्यानंतर कुठलाही मर्ग माझ्यापुढे आला की सही करण्याआधी मी घरच्यांना एक प्रश्न विचारायचो : यासाठी तुमच्यात कुणाला बोल लावला जातो आहे का? पुष्कळदा 'नाही' असेच उत्तर येई. कधी कधी कोपऱ्यातला एखादा माणूस मान वर करी.

त्या गावात मी जीपमधून उतरलो तेव्हा गणवेश पाहून माणसे जमली. मी दोन्ही भावांना पुढे बोलावून, सगळ्यांना ऐकू जाईल असे, जे झाले ते सांगितले. लस होती. मुद्दाम दिली गेली नाही. याच्या हातून एका क्षणाचाही उशीर झालेला नव्हता. जावई जीपला टेकून उभा होता. थोड्या वेळाने थोरला भाऊ घरात गेला, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला, माझ्यासमोरून पुढे गेला आणि तो जावयाच्या हातात दिला.