टहरौलीचे तीळ आणि सारवलेलं अंगण

मुलांनो, युरोपातल्या शेतीचे नियम बदलले तर झाशीला काय फरक पडतो, असं तुम्ही फोनवर विचारलं होतं. जे घडलं ते क्रमाने लिहिते.

झाशी जिल्ह्यातल्या टहरौली गावात माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते. तिने गावातल्या बायकांचा गट उभा केला आहे. त्या तीळ पिकवतात. झाशीच्या सदर बाजारातल्या एका निर्यातदाराने त्यांचा माल युरोपला पाठवायची तयारी दाखवली आणि हातात नियमांचा इंग्रजी गठ्ठा दिला. तो घेऊन ती बसने माझ्याकडे आली. "मैडम जी, ये तो आप ही समझाइए."

तिकडच्या सरकारांनी आपल्या शेतकऱ्यांवर फवारणीची, स्वच्छतेची कडक बंधनं घातली. शेतकरी म्हणाले, मग बाहेरच्या मालालाही हेच लावा. त्यांचं ते भांडण असं टहरौलीच्या अंगणापर्यंत पोचलं. मी सगळे नियम हिंदीत उतरवले, क्रमांक घातले आणि सुगीत स्वतः पाहायला गेले. गोण्या नव्या, बकऱ्या लांब बांधलेल्या, अंगण शेणाने ताजं सारवलेलं आणि त्यावर तिळाच्या पेंढ्या वाळत उभ्या. मी म्हटलं, "शाबास! इतनी सफ़ाई तो मेरे घर में भी नहीं."

प्रयोगशाळेत तिळाचा नमुना नापास झाला. त्यात पोट बिघडवणारे जंतू निघाले. निर्यातदार म्हणाला, आणखी एक हंगाम बघेन, नंतर नाही. म्हणजे परत गावच्या आडत्याकडे, तो म्हणेल त्या भावाने.

मी गठ्ठा पुन्हा काढला. पिकाला जनावरांच्या मलमूत्राचा संसर्ग होऊ नये, असं त्यात स्पष्ट होतं. मी लिहून दिलं होतं, 'जानवरों को दूर रखें.' त्यांनी ती ठेवली होती. शेण माझ्या ध्यानातच आलं नाही. दिवाळीला तुळशीपुढची जागा मी अजून शेणानेच सारवते. ते पवित्र सोडून दुसरं काही असू शकतं असं आपल्या घरात कोणाला वाटलंय?

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मी टहरौलीला गेले आणि सगळ्या बायकांसमोर चूक कबूल केली. विद्यार्थिनीची सासू खाटेवर बसली होती. ती उसळली, "काय मैडम जी, हमाओ आँगन तुमें गंदो लगत?"

"नहीं अम्मा. मैंने ही इसे देखकर शाबासी दी थी. गलती मेरी है."

ती फिसकन हसली. "तो तुमऊँ फेल हो गईं!" बायका पदर तोंडाशी धरून हसल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कोणी नापास केलं नव्हतं. मीही हसले.

पुढच्या सुगीत अंगणावर नवी ताडपत्री पसरली. पेंढ्या तिच्यावरच वाळल्या, तिच्यावरच झटकल्या. पाय धुतल्याशिवाय कोणी वर यायचं नाही. सासूबाई काठी घेऊन कडेला बसत. एकदा मीच चपला घालून पुढे झाले, तर काठी आडवी आली. "पैलां पाँव धोओ, मास्टरनी!" मी गपचूप धुतले.

प्रयोगशाळेचा कागद आला तेव्हा विद्यार्थिनीने तो उघडला नाही, तसाच माझ्यासमोर धरला. मी वाचला. नमुना पास झाला होता. मी हिंदीत सांगायला तोंड उघडलं, तर सासूबाईंनी अडवलं. "ऐसें नईं. पैलां अंगरेजी में बाँचो, पूरो."

मी उभी राहिले आणि वर्गात वाचत असे तसा तो कागद मोठ्याने, सावकाश, पहिल्या ओळीपासून वाचला. सूनबाई सोडली तर एकीलाही शब्द कळत नव्हता. पण अंगणात कोणी हललं नाही. सासूबाईंनी काठी मांडीवर आडवी ठेवली होती आणि प्रत्येक ओळीला त्या 'हओ, हओ' म्हणत होत्या.