गळालेल्या एकेचाळीस ओळी

फौजिया मुलाणी खुर्चीत बसून काम करते असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर त्यानं तिला काम करताना पाहिलेलं नाही. ती प्रोग्रामच्या दोन ओळी लिहिते, उठते, खिडकीपाशी जाते, परत येते आणि उभ्याउभ्याच त्यातली एक खोडते. भोरमधलं आमच्या शेळीपालक संस्थेचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, आणि त्यातली एक हिच्या येरझाऱ्यांनीच भरते. "बाई, जरा बूड टेक," असं मी रोज सांगतो. "काका, डोक्यात काहीतरी टोचतंय," असं ती रोज म्हणते.

मी गोरख. अकरा वर्षं हिर्डोशीकडच्या वस्त्यांवर शेळ्यांच्या नोंदी घेत हिंडतोय. कानातला बिल्ला बघायचा आणि मोबाईलवर फॉर्म भरायचा: रंग, वय, लस कधी टोचली, आई कोण. त्या नोंदी ज्या प्रोग्राममध्ये साठत होत्या तो यंदा उन्हाळ्यात बंद पडला. बनवणारा माणूस केव्हाच परदेशी गेलेला. हाताशी उरली एकच फाईल, आणि तिच्यात तीन हजार एकशे बारा शेळ्या नुसत्या मजकुराच्या रूपात.

फौजियानं ती फाईल मला उघडून दाखवली. तिला एक्सएमएल म्हणतात. कंसात 'शेळी' असं लिहून सुरुवात, मग रंग, बिल्ला, आई, ज्याचे त्याचे कंस, आणि शेवटी शेळी संपली अशी खूण. मी म्हणालो, "मग हायत की सगळ्या." ती म्हणाली, "काका, हे शेळीचं वर्णन आहे. मला अशी शेळी पाहिजे, की तुझी करडं कोण असं विचारलं तर तिनं सांगावं." तिच्या भाषेत त्याला ऑब्जेक्ट म्हणतात. ते परत उभे करायला तिनं पार्सर लावला. पार्सर फाईल वरून खाली एकदाच वाचत जातो. सुरुवातीची खूण दिसली की तिचा कोड एक कोरी शेळी तयार करतो, वाचेल ते तिच्यात भरतो आणि शेवटची खूण आली की तिला आत घेतो. सांजच्याला गोठ्याच्या दाराशी उभं राहून आपण एकेक जनावर मोजून आत सोडतो, तसंच.

हे काम चालू असतानाच हिर्डोशीच्या वरच्या वस्तीवर धोंडाबाईंची मोरी नावाची शेळी गाभडली, म्हणजे तिचा गाभ पडला. महिन्यात दुसरी शेळी. आमच्या संस्थेच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि कपाळाला हात लावला. रोग असा, की आईच्या पोटातून करडाला लागतो, दुधातूनही लागतो आणि कच्च्या दुधातून माणसालाही. धोंडाबाईंच्या घरात त्यांच्या सुनेची, आरतीची, आठ महिन्यांची लेक होती. आरतीला टायफॉईड होऊन अंगावरचं दूध आटलेलं. पोर शेळीच्याच दुधावर. डॉक्टरीणबाई घसा फोडून सांगून आल्या, दूध उकळून द्या. धोंडाबाईंनी मान हलवली. पण उकळलं की दुधातला जीव जातो, हे त्यांचं मत सत्तर वर्षांचं होतं, आणि ते एका दिवसात हलणार नव्हतं.

रक्त तपासायचं सामान थोडं होतं. म्हणून डॉक्टरीणबाईंनी यादी मागितली: मोरीच्या पोटची आणि मोरीचं दूध प्यालेली जनावरं कोणती? ती आधी तपासू, बाकीची नंतर.

मंगळवारी फौजियाचा प्रोग्राम चालला. फाईलमध्ये तीन हजार एकशे बारा, उभ्या राहिल्या तीन हजार एकशे बारा. मोरीच्या नात्यातली आठ जनावरं त्यानं काढून दिली. फौजिया म्हणाली, "काका, एक दिवस द्या. सगळं एका झटक्यात जुळलं की मला धाकधूक होते." मीच तिच्यावर खेकसलो. "आकडा जुळला न्हवं? आता काय त्याची पूजा घालणार व्हय? आन तो कागद हिकडं." कागद घेतला आणि त्याच दिवशी वर पोचवून आलो. माझ्या आयुष्यातली ही एक तत्परता मला आजही छळते.

फौजियाला काही चैन पडेना. गुरुवारी सकाळी तिनं उलटं काम केलं. उभ्या केलेल्या शेळ्या परत एक्सएमएलमध्ये लिहून काढल्या आणि जुन्या फाईलशी ओळीला ओळ लावली. नवी फाईल एकेचाळीस ओळींनी कमी भरली. गळालेली प्रत्येक ओळ 'आई'ची होती.

"काका, तुम्ही काही शेळ्यांना आई दोनदा लिहिली आहे?"

"मग? दोन आया हायत तर दोनदाच लिवनार की. एक पाजनारी, एक व्यालेली."

यात विचारण्यासारखं काय आहे तेच मला कळेना. करडाची आई मेली किंवा तिला दूध नसलं, की ते दुसरीला लावतात. वस्तीवर आई कोण विचारलं तर आधी पाजणारीचं नाव सांगतात, मग व्यालेलीचं. मी ऐकलं तसं त्याच क्रमानं लिहिलं. फौजियाच्या ऑब्जेक्टमध्ये मात्र आईला जागा एकच होती. पहिली आई वाचली, भरली; दुसरी आली ती तिच्यावरच बसली. पाजणारी पुसली गेली, आणि यंत्रानं हूं की चूं केलं नाही.

फौजिया तोंडावर हात ठेवून उभी होती. ती चाळीस दिवसांची असताना तिची आई दवाखान्यात होती. तेव्हा साबिराखालांनी, म्हणजे साबिरामावशींनी, आपल्या लेकाबरोबर, अजहरबरोबर, तिलाही अंगावर पाजलं. मुसलमानांत दुधाचं नातं रक्ताइतकंच पक्कं. दूधभावाशी लग्न होत नाही. दोघींनाही ती अम्मीच म्हणते, आणि कोणती अम्मी ते अख्ख्या आळीला कळतं.

"माझ्या घरात दोन अम्मी," ती म्हणाली, "आणि मी शेळीला जागा एकच ठेवली."

तिनं घाईघाईनं यादी पुन्हा काढली. आठाची नऊ झाली. नववी कबरी. पाजणारी मोरी, व्यालेली दुसरीच. आणि आता धोंडाबाईंच्या दारात दूध देणारी तेवढी कबरीच होती.

वर रेंज नाही. मी गाडी काढली. वरंध्याच्या रस्त्याला दर वळणावर ती मागून विचारत होती, "किती राहिलं?" हिर्डोशीत गाडी लावून वरची वाट चढलो. चढणीला मी धापा टाकत होतो आणि ती पुढं जाऊन परत माझ्यासाठी मागं येत होती. मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा.

धोंडाबाई ओट्यावर नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. हातात वाटी-चमचा. फौजियानं वाटीच धरली. "मावशी, हे देऊ नका. कबरी मोरीच्या दुधावर वाढली आहे."

"मला म्हाईत न्हाई व्हय?" धोंडाबाई म्हणाल्या. "म्याच लावली हुती तिला. म्हनून तर आठ दिस बाजूला बांदली, पोरीला शेजारनं आनून पाजलं. पर परवा गोरखनं कागद आनला. आरतीनं वाचला, त्यात कबरी न्हाई. म्हनलं, मशीन न्हाई म्हनतंय तर न्हाई. सोडली."

"उकळून दिलंत ना?"

धोंडाबाईंनी वाटीकडं पाहिलं. चमचा खाली ठेवला.

मग फौजिया खाली बसली. न सांगता बसलेली मी तिला पहिल्यांदाच पाहिली.

कबरीच्या रक्तात रोग निघाला. पोरीला आम्ही त्याच गुरुवारी भोरला आणलं. पहिली तपासणी चांगली आली, पण डॉक्टर म्हणाले, एवढ्यात दिसणार नाही, सहा आठवड्यांनी पुन्हा बघू. ते सहा आठवडे फौजियानं कसे काढले ते मी पाहिलंय. प्रोग्राममध्ये आईच्या जागी आता येतील तेवढ्या आया मावतात. एकेचाळीसच्या एकेचाळीस ओळी परत आल्या. वाचलेली प्रत्येक फाईल ती उलटी लिहून ताडून बघते, एकदा सोडून दोनदा. तरी मध्येच थबकून विचारायची, "काका, पोरगी नीट खातेय ना?"

दुसरा रिपोर्टही चांगला आला. तो घेऊन आम्ही दोघं वर गेलो. आरतीनं लेकीला छातीशी धरून रडून घेतलं. मलाही रडू आलं, लपवत नाही.  धोंडाबाईंनी फौजियाला विचारलं, "तुजी चूक घावली का गं?"

"घावली मावशी. काढली पण."

"बरं झालं. तुजी मशिनीत हुती, काडलीस. माजी कुठनं काडू? म्हाईत असून पाजलं म्या."

 फौजिया त्यांच्या शेजारी ओट्यावर टेकली. उन्हं कलली, मी दोनदा गाडीची किल्ली वाजवली, तरी ती जागची उठली नाही.