न वाजलेला हूटर

नोकरीत मुडदे पुष्कळ पाहिले आणि बरेचसे विसरूनही गेलो. पण वर्सोव्याच्या बाजूला मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये घडलेलं ते प्रकरण अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. तिथे मला धक्का मृतदेहाने दिला नाही, जिवंत माणसांनी दिला.

निवृत्तीला दोनेक वर्षं राहिली होती. गुन्ह्यांचा तपास बघणारा निरीक्षक म्हणून मी ठाण्यात होतो. दुपारी कंट्रोल रूमचा निरोप आला: अमोनिया वायूची गळती, दोन कामगार आत अडकले. आम्ही पोहोचलो तोवर अग्निशमन दलाने दोघांना बाहेर काढलं होतं. एक जागीच गेला होता. दुसऱ्याचा श्वास चालू होता, त्याला रुग्णालयात हलवलं. दोघे सख्खे भाऊ. थोरला यंत्रं सांभाळणारा ऑपरेटर, धाकटा त्याच्या हाताखाली. थोरल्यानेच त्याला मालवणहून आणून इथे चिकटवलं होतं. वाकोल्यात एकाच चाळीत एकाला लागून एक अशा खोल्या, धाकट्याचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं.

गळती झाली की तिथे कर्कश हूटर वाजतो आणि माणसं पळतात. त्या दिवशी हूटर वाजलाच नाही. गेटवर माल भरणाऱ्या कामगारांना कसलीच चाहूल लागली नाही. म्हणजे कुणीतरी तो बंद केला होता, आणि तोच आमच्या तपासाचा मुद्दा.

उत्तर तयारच होतं. तिथल्या सुपरवायझरने कॉम्प्युटर उघडून दाखवला. वायू मोजणं, पंखे चालू करणं, हूटर वाजवणं ही सगळी कामं तिथे छोटे छोटे प्रोग्राम आपोआप करतात, त्यांना स्क्रिप्ट म्हणतात. प्रत्येक काम झालं की स्क्रिप्ट एक ओळ लिहून ठेवते. त्या ओळींच्या नोंदीला लॉग म्हणतात. त्या लॉगमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की ऑपरेटरच्या लॉगिनवरून हूटर बंद केला. सुपरवायझरचे डोळे भरून आले. म्हणाला, "साहेब, घरच्यासारखी होती दोघं. कसं सांगू आता त्याला?"

हा माणूस अंत्यविधीला खांदा द्यायला होता आणि थोरला शुद्धीवर येईपर्यंत रुग्णालयात त्याच्या उशाशी बसून होता. मला तो भला वाटला.

थोरल्याला डिस्चार्ज मिळाला तसा तो स्वतःच ठाण्यात आला. ठाणे अंमलदाराने खुर्ची दिली तर खाली फरशीवर बसला.

"साहेब, लिहून घ्या. मीच केलं. भावाला मीच मारलं."

"हूटर का बंद केलास?"

"आवाजानं डोकं उठलं असेल."

"असेल म्हणजे? तुला माहीत नाही?"

"त्या दिवसाचं सकाळचं आठवतं, मग एकदम हॉस्पिटल. पण कॉम्प्युटरमध्ये आलंय ना तसं. तो कशाला खोटं बोलेल? त्याचं काय वाकडं केलंय मी?"

पोलिसांसमोर दिलेल्या कबुलीला कोर्टात किंमत नाही, पण ठाण्यात तिची किंमत फार. कबुली मिळाली की सगळ्यांनाच घरी जायची घाई होते. निष्काळजीपणाने मृत्यूला कारणीभूत ठरल्याचा गुन्हा जामीनपात्र होता. जामीनदार म्हणून चाळीतला शेजारी येऊन उभाही राहिला. तर हा गृहस्थ सही करायला तयार नाही! "मला आत टाका. भावजयीसमोर कुठल्या तोंडानं जाऊ?" भावजय म्हणजे धाकट्याची बायको. तिने निरोप पाठवला होता की भावोजींनी माझ्या दारात पाऊल ठेवू नये. जामिनासाठी हातापाया पडणारे रोज बघत होतो, जामीन नको म्हणून रडणारा पहिल्यांदाच बघितला.

नोकरीभर एक पाहिलं होतं. गुन्हा केलेला माणूस काही ना काही बारकावा सांगतोच. लपवताना सांगतो, खोटं बोलतानाही सांगतो. याच्याकडे एकही बारकावा नव्हता. म्हणून पंच घेऊन त्याला जागेवर नेलं आणि कॉम्प्युटरसमोर बसवलं. म्हटलं, हूटर कसा बंद केलास ते दाखव. त्याने माऊस इकडे फिरवला, तिकडे फिरवला. तापमानाचे सगळे पडदे उघडले. हूटर बंद करायची जागाच त्याला सापडेना. शेवटी घाम पुसत म्हणाला, "कुठंतरी असेल साहेब. मीच केलंय ना, मग असणारच."

पंच एकमेकांकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुणी ठाण्यात आली. अंधेरीतल्याच एका जुन्या गावठाणातली, ख्रिस्ती घरातली, मराठी मात्र आपल्यापेक्षा खणखणीत. तिथल्या स्क्रिप्ट तिनेच बसवल्या होत्या. नंतर ते काम सोडून तिने दुसरी नोकरी धरली होती. बातमी वाचून आली होती.

"सर, तुम्ही लॉग कुठला बघितला? स्टोरेजमधल्या कॉम्प्युटरवरचा?"

"हो. अजून कुठला असतो?"

"वाट लागली! अहो, ती साधी फाइल आहे. कुणीही उघडायची, ओळ खोडायची, नवीन टाकायची. पासवर्ड तर मॉनिटरला चिकटवलेला असतो. म्हणून तर मी प्रत्येक स्क्रिप्टला सांगून ठेवलंय की ओळ लिहिलीस ना, तशीच एक त्याच क्षणी अंधेरीच्या मेन ऑफिसच्या सर्व्हरला पाठव. इथली खोडली तरी तिथली राहते. पेटीत टाकलेलं पत्र हात घालून काढता येतं का?"

"हे सुपरवायझरला माहीत नाही?"

"त्याला वाटतं तिथे फक्त तापमान जातं. मालकांना तेवढंच बघायचं असतं ना."

आमचा जुना हवालदार दारात उभा होता. तो पुटपुटला, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतंय होय?"

त्याच दिवशी आम्ही मेन ऑफिस गाठलं. पंचांसमक्ष सर्व्हरवरच्या लॉगची प्रत घेतली, तिची हॅश व्हॅल्यू, म्हणजे नंतर एक अक्षर बदललं तरी पकडून देणारा आकडा, पंचनाम्यात नोंदवली, प्रत खरी असल्याचं प्रमाणपत्र घेतलं. मग दोन्ही लॉग छापून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि त्या तरुणीने एकेक ओळ समजावून दिली.

ऑपरेटरने हूटर बंद केल्याची ओळ सर्व्हरवर नव्हतीच. तिथे वेगळीच ओळ होती. हूटर सकाळीच बंद झाला होता, तोही सुपरवायझरच्या लॉगिनवरून, त्याच्याच लॅपटॉपवरून. त्यानंतर वायू वाढल्याचे संदेश एकामागून एक आले होते. मेन ऑफिसच्या भिंतीवर मोठा पडदा होता, समोर माणसं बसली होती, आणि पडद्यावर तापमानाची सरळ रेघ झकास दिसत होती. यंत्र जिवाच्या आकांताने ओरडत होतं आणि एकानेही ते संदेश उघडून पाहिले नव्हते.

पण खरा धक्का पुढे होता. बोलता बोलता ती मुलगी थांबली. एका ओळीवर बोट ठेवलं, मग खालच्या, मग त्याच्या खालच्या.

"सर, हे लाल बटण आहे, स्टोरेजच्या फाइलमधून ह्या ओळी खोडल्यात. कॉम्प्रेसरच्या खोलीबाहेर भिंतीवर असतं, हाताने हूटर वाजवायला. हे कुणीतरी दाबलंय. पुन्हा दाबलंय. हे बघा, परत. दाबतच राहिलाय तो. पण हूटर आधीच बंद केलेला, वाजणार कुठून?"

धाकटा तेव्हा आत पाइपांपाशी पडलेला होता आणि बाकीचे गेटवर. बटणापाशी एकच माणूस असू शकत होता. अग्निशमन दलाच्या जवानांना विचारलं, तर त्यांनी थोरल्याला त्या बटणाखालीच उचलल्याचं सांगितलं. हूटर बंद केला म्हणून जो स्वतःला फासावर द्यायला निघाला होता, तोच शुद्ध हरपेपर्यंत तो वाजवायची धडपड करत होता. आणि हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

सुपरवायझरला बोलावून दोन्ही कागद समोर ठेवले. तो ग्लासभर पाणी प्यायला. मग सांगायला लागला. थोडी थोडी गळती आधीपासून होती. हूटर वाजला की काम थांबायचं, निर्यातीचा माल गाड्यांत चढायचा होता, म्हणून "थोड्या वेळासाठी" बंद केला.

"आणि त्याच्या नावावर का घातलंस?"

"साहेब, मला वाटलं तो पण वाचणार नाही. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

पस्तीस वर्षांच्या नोकरीत खुनी पाहिले, पोटच्या पोराला विकणारे पाहिले. तरी माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. हा उशाशी बसून होता तो सेवेसाठी नव्हे. शुद्धीवर आल्यावर काय आठवतंय ते बघायला बसला होता. काहीच आठवत नाही म्हटल्यावर त्यानेच हात हातात घेऊन सांगितलं होतं, "तू हूटर बंद केलास रे, लॉगमध्ये आलंय." मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकून होतो, जिवंत माणसाच्या टाळूवर हात ठेवणारा तो पहिलाच. संताप इतका आला की मी खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो. त्याला अटक केली. पुढे आरोपपत्र गेलं, पुरावा नष्ट केल्याचं आणि खोटा पुरावा तयार केल्याचं कलम लागलं.

थोरल्याला मी स्वतः सांगितलं. त्याचा विश्वासच बसेना.

"मी बटण दाबलं?"

"दाबलंस."

"नक्की मीच? नीट बघा साहेब, दुसरा कुणी असेल."

दोष ताबडतोब घेतला होता, आणि चांगलं काही पदरात घ्यायला हा माणूस धजत नव्हता. शेवटी हुंदके देत म्हणाला, "हे तुम्ही भावजयीला सांगा. माझं ती ऐकणार नाही."

मी वाकोल्याला गेलो. तो चाळीच्या गॅलरीत, भावाच्या उंबरठ्याबाहेर, चपला हातात धरून उभा राहिला. मी आत बसून तिला कागद वाचून दाखवला. बटण दाबलं, बटण दाबलं, बटण दाबलं. ती न रडता ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "ह्यांका ऐकाक गेला असतला?" म्हणजे आपल्या नवऱ्याला तो आवाज ऐकू गेला असेल का. मला खोटं बोलवेना. म्हटलं, "नाही बाई. हूटर वाजलाच नाही." ती उठली, दारापर्यंत गेली.

"भावोजी, भायर कित्याक उभे रवलास? घरात येवा."

तो आत आला आणि भावाच्या फोटोसमोर बसून लहान मुलासारखा रडला. मी निघालो.

त्यानंतर जेवढी नोकरी उरली होती तेवढ्यात पुष्कळ कबुल्या ऐकल्या. कुणी समोर बसून "मीच केलं" म्हणालं की मी पेन खाली ठेवायचो आणि आधी एकच विचारायचो: हे तुला आठवतंय, की तुला कुणी सांगितलंय?